वैशाखातली कळी

तापलेली मातीची कुंडी दिवसाचं पहिलं पाणी पिते तेव्हा एक बारीकसा सुस्कारा ऐकू येतो आणि त्याच्या मागोमाग भाजल्या मातीचा, किंचित जळकट, किंचित गोड वास बाल्कनीतून घरात शिरतो. या चैत्रापासून माझी झोप त्या वासानं मोडू लागली. घड्याळात पावणेसहा झालेले असायचे, समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीमागून उजेड नुसता डोकावत असायचा, आणि तरीही अंगाखालची चादर ओलसर झालेली असायची, कारण अलीकडे पुण्यात पहाटसुद्धा पूर्वीसारखी गार होत नाही. बाल्कनीत बाबा वाकलेले दिसायचे. उजव्या हातात स्टीलचा तांब्या, डावा हात कठड्यावर, आणि धार इतकी बारीक की एक तांब्या रिकामा व्हायला पाच मिनिटं लागावीत. ते झाडाशी काही बोलत नसत. मी पडल्या पडल्या त्यांचा श्वास ऐकायची, आणि तो नीट चालला आहे असं वाटलं की उठून कामाला लागायची.

मी मुळात धीराची बाई नाही. हिंजवडीच्या एका कंपनीत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, पंचवीस वर्षं तेच करते आहे, आणि त्या कामानं माझी नजर अशी घडवली आहे की जेवणाच्या ताटातही मला आधी काय राहिलं ते दिसतं. सिग्नलला थांबलेल्या कंपनीच्या बसमध्ये माझा पाय आपोआप हलत राहतो. लिफ्टचं बटण मी दोनदा दाबते. एकटी राहत असल्यामुळे या सवयींना घरात कुणी हरकत घेतली नव्हती. बाबा आले आणि त्यांच्या संथपणासमोर माझी घाई मलाच ऐकू येऊ लागली.

ते फेब्रुवारीत नागपूरहून आले. आई जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. तेवढे दिवस त्यांनी एकट्यानं काढले, पण हिवाळ्यात हृदयानं एकदा दगा दिला आणि माझ्यापुढे त्यांचं काही चालेना. पुणे स्टेशनवर ते गाडीतून उतरले तेव्हा एका हातात औषधांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात मुळांसकट गुंडाळलेलं गुलाबाचं झाड. रात्रभर ते त्यांनी मांडीवर घेतलं होतं म्हणे. मला संताप आला. ज्या माणसाला डॉक्टरांनी पाण्याची बाटलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलंय त्यानं अख्खं झाड उचलून आणायचं, आणि तेही गावठी गुलाबाचं, जे पुण्यात कुठल्याही रोपवाटिकेत मिळतं, असं मी फलाटावरच ऐकवलं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, झाड दिलं नाही.

झाड आईचं होतं. नागपूरच्या घरी खिडकीतल्या कूलरखाली त्याची जागा होती. वाळ्याच्या टट्ट्यांतून पाझरलेलं पाणी थेंब थेंब त्याच्या मुळाशी पडायचं, आणि ज्या उन्हात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं त्या उन्हातही ते हिरवं राहायचं. फिक्या गुलाबी रंगाची, सैलसर पाकळ्यांची, दिसायला अगदी साधी फुलं. पण एक फूल वाटीत ठेवलं तर शेजारच्या खोलीत कळावं असा वास. माझ्या आठवणीत आई पांढरी साडी नेसून वैशाख पौर्णिमेला बुद्धमूर्तीसमोर उभी आहे आणि तिच्या ओंजळीत त्या झाडाचं फूल आहे. हे चित्र मी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की ते तपासून घ्यावं असं मला, चुका शोधण्यावर पोट भरणाऱ्या बाईला, कधी सुचलं नाही.

प्लास्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात असं बाबांचं म्हणणं पडलं, म्हणून मी कसब्यात कुंभारवाड्यात जाऊन एक जाडजूड मातीची कुंडी आणली. झाड लागलं. मार्चमध्ये नवी तांबूस पालवी आली, आणि बाबांनी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत, फार महत्त्वाचं काही सांगत नसल्यासारखं सांगितलं की यंदाच्या पौर्णिमेला याचं एक फूल वाहू. मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. बाबा बाहेर बाकावर बसले असताना मी विचारलं होतं, डिसेंबरात आईच्या माहेरी एक लग्न आहे, तेव्हा यांना नागपूरला नेता येईल ना. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि डिसेंबरचं डिसेंबरात बघू म्हणाले. घरी येताना रिक्षात बाबा बाहेर बघत होते. मी फाइल पिशवीच्या तळाशी सरकवली.

एप्रिल लागला तसं झाड रुसलं. गुलाब हा थंडीचा लाडका. त्याला कोरडं ऊन एक वेळ सोसतं, पण दिवसभर भाजायचं, संध्याकाळी ढग दाटून घुसमटायचं आणि थेंबही न पडता रात्र काढायची, हे आताचं पुणेरी हवामान त्याच्या पचनी पडत नाही. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. खालची पानं पिवळी पडून गळली. पानामागे लाल कोळ्यांची बारीक जाळी दिसू लागली. माझ्या खोलीत संध्याकाळी लावायच्या एसीचं पाणी बाबा बादलीत धरून झाडाला घालायचे, आणि त्याच एसीचं बाहेरचं यंत्र झाडावर गरम वारा फेकत राहायचं. हे ध्यानात आल्यावर कुंडी सरकवली, पण तोवर झाड अर्धं झालं होतं.

मग मी वरच्या मजल्यावरच्या दामलेकाकांना गाठलं. सदाशिव पेठेतलं घर सोडून मुलाकडे राहायला आलेले हे गृहस्थ गुलाबांच्या प्रदर्शनांत वर्षानुवर्षं बक्षिसं मिळवत आलेले, आणि त्याचा ताठा त्यांच्या मानेत अजून शिल्लक. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पुण्यात गुलाबाला दोनच शत्रू,” ते म्हणाले. “ऊन आणि हौस. उन्हाचं मी काही करू शकत नाही.” त्यानंतर त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की उन्हाळ्यात आलेली प्रत्येक कळी दिसताक्षणी खुडायची. अशक्त झाड फुलायला बघतं तेव्हा ते आपली उरलीसुरली ताकद त्या एका फुलापायी उधळतं, आणि ते फूलही धड होत नाही, सकाळी उमलतं आणि दुपारी करपतं. कळ्या खुडल्या की ताकद मुळांत उतरते. पावसाळ्यात पानांवरचे काळे डाग सांभाळायचे, ऑक्टोबरात छाटणी करायची, आणि मग डिसेंबरात नुसतं बघत राहायचं.

मला हे फार पटलं. पटणारच, मी त्याच शिस्तीत वाढले होते. बाबा टपाल खात्यात होते, आणि तरुणपणी वस्तीतल्या गायन पार्टीत त्यांच्या पेटीवाचून कार्यक्रम उभा राहत नसे असं आई सांगायची. आम्ही दोघी बहिणी शाळेत जाऊ लागलो तशी त्यांनी पेटी माळ्यावर ठेवली, मुलींचा अभ्यास होऊ दे म्हणाले. मग दहावी होऊ दे, मग इंजिनिअरिंग होऊ दे, मग धाकटीचं लग्न होऊ दे. शेवटी एकदा पेटी खाली काढली तर उंदरांनी तिचा भाता कुरतडलेला होता. बाबा हसले होते, आणि पेटी पुसून परत वर ठेवली होती. आज सोडायचं म्हणजे उद्या मिळतं, हे आमच्या घरात कुणी भिंतीवर लिहिलं नव्हतं, पण आम्ही दोघी त्याचीच फळं होतो. तेव्हा कळी खुडायला मी कशाला कचरेन.

मी रोज सकाळी बसला जायच्या आधी झाड तपासू लागले. मोहरीएवढी, ज्वारीएवढी, कधी पानात लपून वाटाण्याएवढी झालेली कळी. अंगठा आणि तर्जनी, एक चिमटा, झालं. त्यात एक प्रकारचं समाधान होतं, हे कबूल करायला हवं. बाबा आतून पाहायचे. एकदाच, फक्त एकदाच, ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “एक राहू दे वं, बाई.”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ताकद, मुळं, ऑक्टोबर, डिसेंबर. डिसेंबर हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेला की तो गेल्यावर मला ऐकू आला. बाबांनी मान हलवली. लहानपणी आमच्या सगळ्या म्हणण्याला ते मान हलवायचे तशीच, आणि मी ती संमती समजले, कारण तशी समजणं सोयीचं होतं.

पौर्णिमेला तीन दिवस राहिले होते. त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. सकाळीच मीटिंग सुरू झाली होती, कानात इअरफोन होता, आणि कुणीतरी लांबलचक काहीतरी सांगत असल्यानं माझं बोलण्याचं काम नव्हतं, म्हणून मी येरझाऱ्या घालत बाल्कनीत आले. झाडाच्या मागच्या, भिंतीकडच्या फांदीवर कागदाचा एक कपटा अडकलेला दिसला. समोरच्या बांधकामावरून काय काय उडून येतं. मी तो ओढून काढला, आणि त्याखाली कळी होती. चांगली बोराएवढी, टोकाशी हिरव्यातून गुलाबी रेघ फुटलेली. मला आधी वाटलं ते आश्चर्य नव्हतं, चीड होती. माझ्या रोजच्या तपासणीतून ही सुटलीच कशी. अंगठा आणि तर्जनी. एक चिमटा.

मग मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. तो कपटा नव्हता. नीट कापून, शंकूसारखा गुंडाळून, दोऱ्यानं सैल बांधलेली ती टोपी होती, आणि वारा खेळावा म्हणून तिला सुईनं छिद्रं पाडलेली होती. कागदावर बारीक गुलाबी चौकटी होत्या, आणि त्या चौकटींवरून एक काळी रेघ खालीवर होत गेलेली होती. बाबांच्या हृदयाच्या तपासणीची ती जुनी पट्टी होती. म्हणजे किती तरी दिवस, पहाटे पाणी घालण्याच्या निमित्तानं, ते या एका कळीला ऊन लागू नये म्हणून आणि ती मला दिसू नये म्हणून झाकत आले होते. कानात कुणीतरी माझं नाव घेऊन मत विचारत होतं. मी हो म्हटलं. कशाला म्हटलं, मला आजही माहीत नाही.

बाबा आत पेपर वाचत होते. मला भीती वाटली, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला बापाची अशी भीती वाटणं किती विचित्र असतं ते मी सांगू शकत नाही. ती रागाची नव्हतीच, ते पुन्हा मान हलवतील याची होती. कळी आणि टोपी दोन्ही मी कठड्यावर ठेवल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि बँकेत जाते असं सांगून रिक्षा केली ती थेट बुधवार पेठेत. दुपारचा एक वाजला होता. गणपतीच्या देवळासमोरच्या फुलवाल्यांकडे जाळीच्या टोप्या घातलेले लांब दांड्यांचे गुलाब होते, बादलीत ताठ उभे, वास नसलेले. गावठी गुलाब एकीकडेच मिळाला. ओल्या फडक्यावर पसरलेला ढीग, पण एकालाही देठ नाही. मी त्या बाईंना देठ असलेलं एक तरी बघा म्हणून विनवू लागले. “देवाला देठ लागतो का?” त्या म्हणाल्या, पण माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी ढीग उपसला आणि दोन बोटं देठाचं, अर्धवट उमललेलं एक फूल काढून दिलं. माझा बेत पक्का होता. हिरव्या दोऱ्यानं ते फांदीला बांधायचं; दोरा विकत घेऊन रिक्षातच देठाला गाठ मारून ठेवली. चुका शोधणाऱ्या माणसाला चूक लपवायलाही चांगलं येतं.

लिफ्टमध्ये दामलेकाका भेटले. कोंदट हवेत त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी माझ्या हातातल्या फुलाकडे एक नजर टाकली आणि हे तुमच्या झाडाचं नाही, असं जाहीर केलं. मग काय झालं कुणास ठाऊक, त्या तीन बाय चारच्या पेटीत, मजले मोजत, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पौर्णिमा, आई, डॉक्टर, टोपी. आमचा मजला आला, दार उघडलं, तरी मी बोलतच होते. ते दार धरून उभे राहिले.

“तुम्ही मला झाडाचं विचारलं होतंत,” ते हळूच म्हणाले. “मी झाडाचं सांगितलं.”

घरात शिरले तर बाबा बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या तळहातावर ती हिरवी कळी होती. कागदाची टोपी त्यांनी सरळ करून मांडीवर पसरली होती. माझ्या हातातलं फूल आणि त्याच्या देठाला लोंबणारा दोरा त्यांना दिसला. लपवण्यासारखं काही उरलं नाही. मी खाली बसले आणि म्हटलं, मी खुडली, मला टोपी कळली नाही, आणि कळली असती तरी कदाचित खुडलीच असती.

ते बराच वेळ कळी तळहातावर फिरवत राहिले. मग म्हणाले, “तुही मायबी अशीच खुडे. मी म्हणो, एक राहू दे. ती म्हणे, थंडीत पाहजा किती येते. थंडी आली. फुलंबी आले, चांगले बारा-पंधरा. पाहाले ती नोती.”

आई कार्तिकात गेली. झाड त्या वर्षी मार्गशीर्षात बहरलं असणार. मी तेव्हा पुण्याला परतले होते. म्हणजे वैशाखात ओंजळीत फूल घेऊन उभी असलेली माझी आई मीच रचली होती. तिच्या ओंजळीतलं फूल बाजारातलं असायचं, आणि घरचं झाड पुढच्या थंडीसाठी राखलेलं असायचं. त्या बारा-पंधरा फुलांमध्ये बाबा एकटे कसे बसले असतील, हे मी तोवर एकदाही मनात आणलं नव्हतं. मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तसली त्यांना सवय नाही. बाजारातल्या फुलाचा दोरा तेवढा सोडवला आणि हेही कोणीतरी लावलंच असन, म्हणाले.

पौर्णिमेच्या सकाळी फ्रिजमध्ये जपून ठेवलेलं तेच फूल वाहिलं. शेजारी पाण्याच्या वाटीत ती हिरवी कळी ठेवली. फूल वाहताना म्हणायच्या ओळी मी अक्षरओळख होण्याआधीपासून म्हणत आले आहे. हे फूल कोमेजतं तसाच हा देहही जाणार, एवढाच त्यांचा साधा अर्थ. बाबांचा आवाज त्या ओळीवर अडखळला नाही. माझा अडखळला. कळी तीन दिवस तशीच हिरवी राहिली, उमलली नाही, आणि चौथ्या दिवशी काळवंडली.

त्या आठवड्यात हवा फारच कोंदली आणि बाबांच्या छातीत पाणी झालं. पाच दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, पण आता बाल्कनीपर्यंत चालत येणं त्यांना जमत नाही. पावणेसहाचा तांब्या माझ्या हातात आला आहे. मला त्यांच्यासारखी बारीक धार धरता येत नाही. हात घाई करतो. परवापरवा खालच्या फांदीवर एक कळी दिसली, ज्वारीएवढी. माझी बोटं सवयीनं पुढे झाली आणि मी ती मुठीत मिटून घेतली. दवाखान्यातून आलेल्या नव्या पट्टीची टोपी केली, छिद्रं पाडली. ती माझ्याच्यानं बाबांसारखी झाली नाही, जरा वाकडी झाली. दामलेकाका हिरवी जाळी घेऊन आले, ती स्वतः बांधली, आणि फूल आलं तर सुपारीएवढं येईल, दुपारपर्यंत टिकेल, फार आशा ठेवू नका, असं बजावून गेले. त्यानंतर ते रोज काहीतरी निमित्त काढून बघायला येतात. झाडाचं काय होईल, ऑक्टोबरात छाटायला त्यात काही उरेल का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

मी तांब्या रिकामा करत असते तेव्हा आतून बाबांचा आवाज येतो. “आहे का?” मी टोपी जराशी उचलून बघते आणि आहे म्हणून सांगते. एवढंच आमचं सकाळचं बोलणं.

आज मी पाणी घालून झालं तरी आतून काही आलं नाही. सहा वाजले. समोरच्या इमारतीवर उजेड चढला. कळीला आता गुलाबी रेघ फुटली आहे, ती मी दोनदा बघितली, आणि मग लक्षात आलं की मी तिच्याकडे बघतच नाहीये, रिकामा तांब्या हातात धरून दाराकडे कान लावून उभी आहे. आत जावंसं वाटेना. पाय हलेनात, आणि माझे पाय कधी न हलल्याचं मला आठवत नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग पलंग कुरकुरला, एक खोकला आला, आणि त्यामागून झोपेनं जड झालेला आवाज.

“आहे का?”

“आहे, बाबा,” मी म्हटलं, आणि कठड्याला धरून खाली बसले.